क्रूझवरून सामानासकट उतरायचं कसं? नेहमी येणारे प्रश्न

मे-जून आला की भारतातून आईबाबा, सासू-सासरे येतात, त्यांना घेऊन फ्लोरिडातून बहामाज किंवा कॅरिबियनची चार-पाच दिवसांची क्रूझ करायची हा आता आपल्याकडे ठरलेला कार्यक्रम झालाय. चढायचं कसं हे सगळे विचारून ठेवतात, उतरायचं कसं हे मात्र कोणीच विचारत नाही, आणि मग शेवटच्या रात्री दहा वाजता मला जहाजावरून मेसेज येतात, "अगं बॅगा बाहेर ठेवायला सांगतायत, ठेवू का?" म्हणून हे एकदाच लिहून टाकते. मायामी, पोर्ट एव्हरग्लेड्स आणि पोर्ट कॅनाव्हरल या फ्लोरिडातल्या बंदरांचं जास्त आहे, सिंगापूर आणि मुंबईचं शेवटी आहे.

१. शेवटच्या दिवशी नेमकं काय होतं? कितीला उतरवतात?

जहाज पहाटे पाच-सहाच्या सुमारास धक्क्याला लागतं, पण लागलं म्हणजे उतरता येतं असं नाही. आधी दोरखंड बांधणार, शिडी लावणार, मग कस्टम्सवाले जहाजाला मोकळीक देणार, तोपर्यंत एकही माणूस खाली जात नाही. साधारण सात-साडेसातला सुरुवात होते आणि साडेनऊ-दहापर्यंत जहाज रिकामं. घाई त्यांना असते कारण त्याच दिवशी दुपारी चारच्या आसपास तेच जहाज नवीन लोकांना घेऊन सुटायचं असतं, मधल्या पाच-सहा तासांत सगळ्या केबिन साफ करायच्या, धान्य-भाजी भरायची, इंधन भरायचं. त्यामुळे आठ-साडेआठला केबिन सोडायला सांगतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका, माझ्या सासऱ्यांनी घेतला होता.

२. बॅगा रात्री बाहेर ठेवायच्या की स्वतः ओढत न्यायच्या?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. दोन पद्धती आहेत. एक, रात्री बॅगेला टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायची, जहाजाचे लोक घेऊन जातात आणि सकाळी खाली टर्मिनलच्या हॉलमध्ये मिळते. दुसरी, सगळं सामान आपणच हातात घेऊन उतरायचं, याला कुठे सेल्फ असिस्ट म्हणतात, कुठे वॉक ऑफ, कुठे एक्स्प्रेस. दुसरीवाल्यांना सगळ्यात आधी सोडतात, म्हणून सगळ्यांना तीच हवी असते.

माझं मत विचाराल तर घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस कोण आहे ते बघा आणि त्याच्या हिशोबाने ठरवा, घड्याळाच्या नाही. दोघंच आहात, प्रत्येकी एक चाकाची छोटी बॅग आहे, गुडघे शाबूत आहेत तर खुशाल स्वतः न्या. पण सोबत सत्तरीचे बाबा, बाळाची गाडी आणि चार मोठ्या बॅगा असतील तर स्वतः नेण्याचा हट्ट करू नका, कारण नियम असा की सगळं एकाच फेरीत न्यायचं, जहाजाचा माणूस हात लावणार नाही, आणि परत वर येऊन उरलेली बॅग नेऊ म्हणाल तर ते जमत नाही. शिडी कधी कधी बऱ्यापैकी उताराची असते, भरती-ओहोटीवर असतं ते. उतारावर २३ किलोची बॅग आपल्याला ओढत नाही, ढकलते.

मधला मार्गही आहे: मोठ्या बॅगा रात्री द्यायच्या आणि पाठीवरच्या सॅक हातात ठेवायच्या. आम्ही तेच करतो.

३. टॅग कुठून आणायचे? नंबर बदलून मिळतो का?

शेवटच्या एक-दोन दिवसांत केबिनमध्ये आणून ठेवतात, काही जहाजांवर गेस्ट सर्व्हिसेसजवळ (जहाजाचा चौकशी-मदतीचा काउंटर) ठेवलेले असतात तिथून आपण उचलायचे. टॅगवर नंबर किंवा रंग असतो आणि त्याच नंबराने सकाळी बोलावतात. फ्लाइट लवकरची असेल तर पहिल्या काही नंबरांतला टॅग मागा, देतात, पण शेवटच्या संध्याकाळी मागायला गेलात तर रांग असते आणि चांगले नंबर संपलेले असतात. प्रत्येक बॅगेला वेगळा टॅग लागतो, जास्तीचे मिळतात. एका कुटुंबाचे सगळे टॅग एकाच नंबराचे घ्या, वेगवेगळ्या केबिन असल्या तरी, नाहीतर आजी-आजोबांना सात नंबर आणि तुम्हाला अठरा, आणि आजी खाली एकट्या.

चढताना लावलेले जुने टॅग मात्र आठवणीने काढा.

४. बॅग रात्री देऊन टाकली, मग हातात काय ठेवायचं?

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि गोंधळ इथेच होतो. बॅग रात्री दहा-अकरापर्यंत बाहेर गेली की सकाळी हॉलमध्येच भेटते, मध्ये काही केल्या परत मिळत नाही. एका ट्रिपला आमच्या आईने टापटिपीच्या भरात सगळ्यांची पादत्राणं पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत भरली, बॅग बाहेर, सगळे झोपले. सकाळी बाबा केबिनमधल्या पांढऱ्या कापडी स्लिपर घालून अमेरिकेच्या कस्टम्स ऑफिसरसमोर उभे. तो काही बोलला नाही, पण पायाकडे बघितलं.

तर हातात हे हवंच: पासपोर्ट आणि सगळे कागद, गोळ्या-औषधं, इन्सुलिन, चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्र आणि त्याचा चार्जर, फोन, दागिने, पैसे, गाडीची किल्ली, दुसऱ्या दिवशीचे कपडे आतल्या कपड्यांसकट, आणि जोडे. गाडीची किल्ली मी मुद्दाम लिहिलीय, पाच दिवस लागत नाही म्हणून ती कुठल्यातरी बॅगेच्या तळाला गेलेली असते. बाळ असेल तर डायपर आणि दूध. रात्री घालायचे कपडे सकाळी ठेवायला एक रिकामी कापडी पिशवी, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

५. रात्री बॅगा बाहेर ठेवणं सुरक्षित आहे का? कोणी नेली तर?

पॅसेजमधून कर्मचारी गोळा करतात, खाली मोठ्या लोखंडी पिंजऱ्यांत भरतात, आणि सकाळी फोर्कलिफ्टने ते पिंजरे धक्क्यावर उतरवून टर्मिनलमध्ये नंबरवार लावतात. चोरीची भीती मला कधी वाटली नाही, आपटाआपटीची वाटते. काचेची बाटली, नारळाच्या कवटीचं काहीतरी, आजीने घेतलेला शंख, हे वर ठेवू नका, कपड्यांच्या मधोमध ठेवा. आणि बॅगेवर नाव-फोन लिहा, हँडलला भडक रंगाची चिंधी बांधा, तीन हजार माणसांच्या बॅगांत काळी बॅग शोधणं म्हणजे वारीत पांढरी टोपी शोधणं आहे.

६. सकाळी लिफ्टला खूप गर्दी असते म्हणे?

असते. आपलं बोलावणं आलं नसेल तर केबिनमधून निघून लिफ्टजवळ उभं राहू नका, नाश्ता करा आणि डेकवर किंवा थिएटरमध्ये बसा. शिडी कुठल्या मजल्यावर लावलीय ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि सकाळी बसायला त्याच मजल्यावरची जागा धरा, म्हणजे लिफ्टचा प्रश्नच येत नाही. नाश्ता लवकर सुरू होतो पण त्या दिवशी मेन्यू आवरता असतो.

७. आईला व्हीलचेअर लागते, काय करायचं?

आधी सांगायचं, शेवटच्या सकाळी नाही. गेस्ट सर्व्हिसेसला एक-दोन दिवस आधी नाव दिलं की ते वेळ आणि जागा सांगतात, तिथे जाऊन बसायचं, मग त्यांचा माणूस आईला ढकलत शिडीवरून, कस्टम्समधून बाहेरपर्यंत आणतो. थांबावं लागतं, अर्धा-पाऊण तास सहज, कारण मागणारे पुष्कळ असतात. अशा वेळी मोठ्या बॅगा रात्रीच देऊन टाका, खुर्ची ढकलणारा माणूस तुमच्या बॅगा ओढत नाही. स्वतःची घडीची खुर्ची असेल तर तुम्हीच ढकलू शकता, तरी नोंद करा, चढ-उताराला मदत मिळते.

८. बिल कधी भरायचं? कार्ड परत द्यायचं का?

केबिनच्या दाराचं, खर्चाचं आणि उतरतानाचं कार्ड एकच असतं, कुठे त्याच्या जागी गळ्यात-मनगटात घालायची चकती. क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर बिल आपोआप वळतं होतं, काही करायचं नाही. रोखीने खातं उघडलं असेल तर आदल्या रात्रीपर्यंत मिटवा, नाहीतर शिडीवर कार्ड स्कॅन केल्यावर मशीन नाराजीचा आवाज काढतं आणि तुम्हाला परत वर पाठवतात. बिल आदल्या संध्याकाळी ॲपमध्ये किंवा टीव्हीवर बघून घ्या, न घेतलेला कोक, पोरांनी खेळलेले गेम, सगळं तेव्हाच भांडा, सकाळी त्या काउंटरची रांग बघवत नाही. शिडीवर स्कॅन होईपर्यंत कार्ड खिशात हवं, नंतर आठवण म्हणून ठेवा.

९. खाली इमिग्रेशनला काय विचारतात? आईबाबांना अमेरिकेत राहायला परत नव्याने सहा महिने मिळतात का?

मायामी, पोर्ट एव्हरग्लेड्स, पोर्ट कॅनाव्हरल इथे बहुतेक वेळा कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवला की काम होतं, तरी पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड हातात हवंच, बॅगेत नाही. व्हिजिटर व्हिसावाल्यांना ऑफिसर दोन प्रश्न जास्त विचारतो, कुठे राहता, परत कधी जाणार. परतीच्या तिकिटाचा प्रिंट आईबाबांच्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवा कारण रांगेत तुम्ही आणि ते वेगळे होऊ शकता.

सहा महिन्यांचं म्हणाल तर ती आशा धरू नका. आसपासच्या बेटांवर तीस दिवसांच्या आत जाऊन आलं की सहसा आधीचीच मुदत पुढे चालू राहते. उतरल्यावर घरी जाऊन आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची सरकारी नोंद) वेबसाइटवर तारीख बघून घ्या. आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना हे बुकिंगआधी बघा.

१०. माझा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) चालू आहे पण पासपोर्टवरच्या व्हिसा स्टँपची मुदत संपलीय. बहामाजला जाऊन परत उतरता येईल ना?

थांबा, बुकिंग करू नका. कॅनडा आणि मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्यांना संपलेल्या स्टँपवर परत येण्याची जी सवलत आहे ती एच-१बीवाल्यांना कॅरिबियन बेटांसाठी लागू नाही. बेटांसाठी ती फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे, त्यातही क्युबा वगळून. जहाज कंपनीसुद्धा चढतानाच व्हिसा तपासते, म्हणजे प्रश्न बहुधा उतरण्यापर्यंत पोचणारच नाही, धक्क्यावरूनच घरी याल. शंका असेल तर वकिलाला विचारा, मला नको.

११. नाश्त्यातलं केळं, सफरचंद पिशवीत टाकलं तर चालतं का?

नाही. जहाजावरचं फळ जहाजावरच खायचं. कस्टम्सच्या हॉलमध्ये वास घेणारी कुत्री असतात, आणि आजीच्या पर्समधलं सफरचंद त्यांना बरोबर कळतं. आपण भारतातून नेलेलं पाकीटबंद काही उरलं असेल तर विचारल्यावर सांगून टाका. सांगितलेली वस्तू फार तर टाकून देतात, लपवलेल्या वस्तूला दंड असतो. "काही खायचं आहे का" या प्रश्नाला आपल्याकडचे लोक "नो नो, वी हॅड ब्रेकफास्ट" म्हणतात, हे आधी समजावून ठेवा.

१२. जहाजावर घेतलेली दारू कधी मिळते आणि किती आणता येते?

जहाजाच्या दुकानातून किंवा बंदरावरून घेतलेल्या बाटल्या ते ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. अमेरिकेत राहणाऱ्या २१ वर्षांवरच्या माणसाला एक लिटर करमुक्त, आणि एकूण खरेदीवर माणशी ८०० डॉलरची सूट. अपवाद म्हणजे यूएस व्हर्जिन आयलंड्स, जसं की सेंट थॉमस, तिथून येताना सूट १६०० डॉलरपर्यंत जाते आणि दारूची मर्यादाही मोठी असते. पाहुणे म्हणून आलेल्या आईबाबांना ८०० चा नियम लागू नाही, त्यांना भेटवस्तूंवर १०० डॉलरची सूट आहे, त्यामुळे सगळी खरेदी त्यांच्या नावावर दाखवायची युक्ती उलटी पडते.

आता खरी गंमत: उतरून सरळ विमानतळावर जाणार असाल तर ती बाटली केबिन बॅगेत चालणार नाही, विमानाच्या सुरक्षा तपासणीत १०० मिलीचा नियम आहेच. म्हणजे चेक-इन बॅगेत जागा ठेवून या. हॉलमध्ये जमिनीवर बॅग उघडून साड्यांच्या घडीत रमची बाटली खुपसणारे लोक दर वेळी दिसतात, एकदा त्यात आम्हीही होतो.

१३. खाली पोर्टर घ्यावा का? टीप किती?

घ्यावा. बॅगा जड असतील, म्हातारी माणसं असतील तर नक्की घ्यावा. हॉलमध्ये ट्रॉलीवाले पोर्टर उभे असतात, तुमच्या बॅगा घेऊन कस्टम्समधून थेट टॅक्सी किंवा पार्किंगपर्यंत आणतात, कधी कधी त्यांच्यासाठी वेगळी रांग असते त्यात तुम्हीही जाता. बॅगेमागे दोन-तीन डॉलर द्या, सुटे ठेवा. जहाजभर हजार डॉलर उडवून इथे दहा डॉलर वाचवायला स्वतःची कंबर धरून बसू नका. केबिन साफ करणाऱ्याला काही वेगळं द्यायचं असेल तर ते आदल्या रात्री द्या, सकाळी तो सापडत नाही.

१४. परतीची फ्लाइट कितीची घ्यावी?

दुपारी बाराच्या आधीची घेऊ नका, आईबाबा सोबत असतील तर एकनंतरची. पोर्ट एव्हरग्लेड्सहून फोर्ट लॉडरडेल विमानतळ अगदी शेजारी आहे, मायामीला बंदर ते विमानतळ तेरा-चौदा किलोमीटर, पण पोर्ट कॅनाव्हरलहून ऑर्लँडो विमानतळ जवळपास ७० किलोमीटर आहे हे बरेच जण विसरतात. धुकं, उशिरा मिळालेली मोकळीक, हे तुमच्या हातात नाही. काही बंदरांवर जहाज कंपनी पैसे घेऊन बॅगा थेट विमान कंपनीकडे पोचवते, ती सोय अमेरिकेतल्या अमेरिकेत उडणाऱ्या ठराविक विमान कंपन्यांनाच असते, थेट मुंबईला जाणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

१५. हॉलमध्ये आपली बॅग दिसतच नाही. आता?

घाबरायचं नाही आणि बाहेर जायचं नाही. आधी शेजारच्या नंबरांच्या रांगा बघा, टॅग तुटला असेल तर कोपऱ्यात वेगळ्या ठेवलेल्या बॅगा बघा. तरीही नाही तर टर्मिनल सोडायच्या आधी तिथल्या जहाज कंपनीच्या माणसाकडे लेखी तक्रार करा, बॅगेचा फोटो दाखवा. फोटो म्हणजे आदल्या रात्री दाराबाहेर ठेवताना काढलेला, तेवढं एक काम पोरांना द्या. बहुतेक वेळा कोणीतरी सारखी दिसणारी बॅग चुकून नेलेली असते आणि त्यांचा फोन येतो, म्हणून प्र. ५ मधलं नाव-फोन.

१६. उतरल्यावर आठवलं की सेफमध्ये बांगड्या राहिल्या. परत वर जाता येतं?

नाही, एकदा कार्ड स्कॅन होऊन उतरलात की परत चढता येत नाही. टर्मिनलमधल्या कर्मचाऱ्याला लगेच केबिन नंबरसकट सांगा, जहाज अजून तिथेच असतं तेव्हा काहीतरी होऊ शकतं. सुटल्यावर मग हरवलेल्या वस्तूंचा फॉर्म, आठवडे, आणि कुरिअरचा खर्च तुमचा. निघताना सेफ उघडा ठेवून या, बाथरूमच्या दारामागचा हूक, पलंगाखालची जागा आणि प्लगमधला चार्जर बघा. चढताना काढून घेतलेली इस्त्री किंवा एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तोही मागून घ्या.

१७. मधल्याच बंदरावर सामान घेऊन कायमचं उतरलं तर?

परवानगी आधी काढावी लागते, आणि अमेरिकेत एक मोठी अडचण आहे. १८८६ सालचा एक कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरावर माणूस घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरावर सोडायला मनाई करतो, आणि जवळपास सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची आहेत. म्हणजे मायामीला चढून की वेस्टला बॅग घेऊन "आमचा भाऊ इथे राहतो" म्हणून उतरलात तर जहाजाला दंड होतो आणि तो ते तुमच्याकडून वसूल करू शकतात. आजारपणाची गोष्ट वेगळी, तेव्हा जहाजाचे डॉक्टर सगळं बघतात.

१८. लागोपाठ दोन क्रूझ बुक केल्यात, तरी उतरावं लागतं का?

माणसाला बहुतेक वेळा हो, सामानाला नाही. कस्टम्सला आधीच्या फेरीची सगळी माणसं उतरली हे मोजायचं असतं, म्हणून तुम्हाला एकत्र खाली नेतात, कागद बघतात, आणि पुन्हा वर आणतात. केबिन तीच असेल तर बॅगा तशाच राहतात. केबिन बदलत असेल तर बॅग भरून ठेवा, कर्मचारी हलवतात. पासपोर्ट आणि नवीन फेरीचं कार्ड जवळ ठेवा.

१९. सिंगापूरच्या टूरमध्ये क्रूझ आहे, तिथे वेगळं काय?

मोठ्या बॅगा देण्याची पद्धत तीच, प्र. २ ते ५ तसेच लागू. बहुतेक वेळा मरिना बे क्रूझ सेंटरला उतरता. फरक कागदांचा आहे: काही जहाजांवर भारतीय प्रवाशांचे पासपोर्ट जहाजच ठेवून घेतं आणि उतरायच्या आधी ठरलेल्या ठिकाणी परत देतं, ती वेळ टूर मॅनेजरकडून नीट ऐका. सिंगापूरमध्ये परत शिरताना अरायव्हल कार्ड पुन्हा ऑनलाइन भरायचं, येण्याच्या तीन दिवसांच्या आत, आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

पेनांग, पोर्ट क्लांग करून येत असाल तर जहाजावरून घेतलेल्या दारूवर सिंगापूरमध्ये सूट मिळत नाही, कारण मलेशियाहून येणाऱ्यांना ती नाहीच, शिवाय ४८ तास बाहेर राहण्याची अट आहे. सिगारेटवर तर कोणालाच सूट नाही, एका पाकिटावरही कर. च्युइंगम आणायला तिथे बंदी आहे हे तुम्हाला माहीत असेलच.

२०. आणि आपली मुंबई-गोवा क्रूझ?

ती देशातल्या देशात, म्हणून इमिग्रेशन नाही, उतरणं बरंच सोपं. आधारसारखं फोटो ओळखपत्र मात्र हातात ठेवा. बॅलार्ड पिअरला इंदिरा डॉकजवळच्या नवीन टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. सीएसएमटी स्टेशन जवळ आहे, पण बॅगा घेऊन चालण्याइतकं नाही. टॅक्सी ॲपवरून बोलावणार असाल तर टर्मिनलच्या आत उभं राहून नाही, गेटबाहेर आल्यावर बोलावा, नाहीतर ड्रायव्हर एका गेटला आणि तुम्ही दुसऱ्या, आणि फोनवर "साहेब मी पोचलोय" चालू. मुंबईत जहाज सकाळी लागतं, म्हणजे रस्त्यावर ऑफिसची गर्दी सुरू झालेली असते. ठाणे-डोंबिवलीला जाणार असाल तर अकरापर्यंत तिथेच कुठेतरी इडली-वडा खा आणि मग उलट्या दिशेची लोकल धरा, डबे रिकामे मिळतात आणि बॅगा सीटखाली बसतात.